गर्दीच्या दालनात, बेताच्या उजेडात शिल्पांचे फोटो: घडण दिसेल असे कसे काढावेत?

शाडूमाती

नमस्कार मंडळी,

मी मातीकाम शिकते आहे. मानवी आकृती, त्यातही डोकी आणि हात. अभ्यासाला जुन्या शिल्पांचे फोटो लागतात. पुस्तकांतले आणि जालावरचे फोटो बहुतेक एकाच ठरलेल्या बाजूने घेतलेले असतात. कानामागचा भाग, हनुवटीखालचा भाग, मनगट आतून कसं वळतं, हे शोधूनही सापडत नाही. म्हणून संग्रहालयांत जाऊन स्वतःच काढायचं ठरवलं आहे.

अडचण तुम्हाला सांगायला नको. तिपाई चालत नाही, फ्लॅश चालत नाही, मोनोपॉड (एका पायाचा टेकू) बहुतेक ठिकाणी दारातच ठेवून घेतात. उजेड बेताचा, वरून एक-दोन स्पॉट, आणि मूर्तीभोवती माणसांचं कडं. समोर उभं राहिलं की गालाचं हाड कुठे सुरू होतं आणि कुठे विरतं ते डोळ्यांना स्वच्छ दिसतं. फोटोत मात्र एक पांढरा डाग, एक काळा डाग, आणि मधलं सगळं गायब!

कॅमेरा मिररलेस आहे, पूर्ण फ्रेमचा. ५० मिमी एफ १.८ (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं) आणि कॅमेऱ्यासोबत आलेली झूम, एवढ्या दोन लेन्स. फोटो देखणे नसले तरी चालतील, त्यांवरून घडण वाचता आली पाहिजे. जाणकारांनी सांगावं.

दुर्बीण

एफ १.८ हातात आहे म्हणजे अर्धं काम झालं. लेन्स पूर्ण उघडी ठेवा, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ऑटोवर टाका आणि बिनधास्त काढत सुटा. मागची गर्दीही आपोआप धूसर होते.

छिन्नीहातोडा

दुर्बीण, माणसांच्या पोर्ट्रेटला हे ठीक आहे, शाडूमातींच्या कामाला नाही. हिशेब करून बघा. पूर्ण फ्रेमवर ५० मिमी, मूर्ती एक मीटरवर, एफ १.८: स्पष्ट दिसणारी खोली सुमारे ४ सेंटिमीटर. माणसाएवढ्या डोक्यात नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत याच्या तिप्पट अंतर असतं. डोळा धारदार येईल, कान मेणासारखा वितळलेला. एफ ५.६ केलं की तीच खोली १३ सेंटिमीटरच्या आसपास जाते आणि नाक ते कान सगळं बसतं.

किंमत उजेडात मोजावी लागते, ते खरंच. सव्वातीन स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). पण घडण वाचायची असेल तर तो सौदा करायलाच हवा.

दुर्बीण

म्हणजे आयएसओ किती जाईल याचाही हिशेब सांगा ना मग.

छिन्नीहातोडा

सांगतो. कागद, कापड, जलरंग असलेल्या दालनांत उजेड साधारण ५० लक्सवर (लक्स हे उजेडाचं माप) धरतात. इतक्या उजेडात एफ ५.६ आणि शटर १/३० सेकंद ठेवलं तर आयएसओ ५००० च्या जवळ जातो. दगड किंवा ब्राँझच्या दालनात स्पॉट थेट मूर्तीवर असतो, तिथे २०० लक्स मिळाले तर १२०० मध्ये भागतं. आजचे सेन्सर यातलं काहीही सहज पेलतात.

रातपाळी

+१. आयएसओ वाढल्याने दाणे दिसले तर नंतर कमी करता येतात, हललेला फोटो कुठल्याच सॉफ्टवेअरने नीट होत नाही. शटरशी तडजोड करायच्या आधी आयएसओ वाढवा.

हातात स्थिर धरण्यासाठी माझी पद्धत: कोपरं बरगड्यांना टेकवायची, पट्टा मानेत ताणून धरायचा, भिंत किंवा खांब मिळाला तर पाठ लावायची, अर्धा श्वास सोडून बटण दाबायचं. दाबायचं म्हणजे सलग तीन-चार फ्रेम घ्यायच्या. पहिलीत बोट दाबल्याचा झटका असतो आणि शेवटचीत बोट उचलल्याचा. मधली बहुधा सगळ्यात धारदार निघते. सेन्सर स्थिरीकरण असेल तर ५० मिमीला १/१५ सुद्धा जमून जातं, कारण समोरचं मॉडेल इतकं गुणी की हजारो वर्षांत जागचं हललेलं नाही. हलतो तो फोटो काढणारा.

निवांत_पाखरू

वाचते आहे. वाचनखूण साठवली.

कवडसा

आयएसओ, शटर यांवर वरच्यांनी चांगलं लिहिलं आहे. पण शाडूताईंची मूळ तक्रार वेगळी आहे. "पांढरा डाग, काळा डाग, मधलं गायब." त्याचं मूळ आधी मीटरिंगमध्ये (कॅमेरा उजेड कसा मोजतो त्यात) आहे आणि नंतर उभं राहण्याच्या जागेत.

मीटरिंग आधी. अंधाऱ्या भिंतीपुढे स्पॉटखाली पांढरा संगमरवर असतो तेव्हा कॅमेरा सगळ्या फ्रेमची सरासरी धरतो. फ्रेममध्ये काळोख जास्त, म्हणून तो उजेड वाढवतो, आणि कपाळ, नाक, खांदा पांढरेफटक होतात. संगमरवराची सगळी नजाकत वरच्या टोकाच्या उजळ छटांमध्येच असते आणि नेमकी तीच जाते. अशा वेळी एक्सपोजर एक स्टॉप खाली घ्या, किंवा कॅमेऱ्यात उजळ भागाला महत्त्व देणारं मीटरिंग असेल तर ते लावा. उलट चेहरा फ्रेमभर असेल तर कॅमेरा पांढऱ्याला करडं करायला बघतो, तिथे अर्धा ते एक स्टॉप वर. एकाच मूर्तीचे दूरचा आणि जवळचा असे दोन फोटो घेताना भरपाई दोन विरुद्ध दिशांना जाते, आणि लोक गोंधळतात ते इथेच. हिस्टोग्राम (उजळ-काळ्या छटांचा आलेख) बघायची सवय लावा, पडद्यावरच्या चित्रावर विसंबू नका; अंधाऱ्या दालनात पडदा असतो त्याहून उजळ भासतो.

रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) काढा. काळ्या डागातलं पुष्कळ परत मिळतं, जळालेल्या पांढऱ्यातलं काहीच नाही.

आता जागा. मूर्तीवर उजेड जिथे संपतो आणि सावली सुरू होते ती सीमारेषा शोधा. गालाच्या हाडावरून, मानेच्या स्नायूवरून, पोटावरून ती कशी वळते ते बघा. घडणीची सगळी माहिती त्या पट्ट्यात असते. थेट उजेडातला भाग सपाट दिसतो आणि सावलीतला मुका. दिवे तुम्हाला हलवता येत नाहीत, पाय हलवता येतात. मूर्तीभोवती सावकाश एक फेरी मारायची, कॅमेरा खाली ठेवून. ज्या जागेवरून ही सीमारेषा तुम्हाला हव्या त्या अवयवाच्या बरोबर मधून जाताना दिसेल तिथे थांबायचं. गर्दीत ही फेरी पूर्ण करायला वेळ लागतो, लागू दे.

झुंबर

विषयाला थोडं सोडून विचारते. दगडाला फ्लॅशने काय होणार आहे? हजारो वर्षं उन्हात उभ्या होत्या यांतल्या कित्येक मूर्ती. मग बंदी कशाला?

छिन्नीहातोडा

दगड, ब्राँझ, भाजलेली माती यांना फ्लॅशच्या उजेडाने काही होत नाही, बरोबर आहे तुमचं. पण त्याच दालनात रंगवलेलं लाकूड, हस्तिदंत, मूळ रंगाचे अंश राहिलेला दगड असतो. पहारेकऱ्याने प्रत्येक वस्तूला वेगळा नियम कसा लावायचा? शिवाय शंभर माणसांनी मिनिटभरात शंभर वेळा चमकवलं तर मूर्ती बघायला आलेल्यांनी काय बघायचं?

आणि नियम नसता तरी मी फ्लॅश वापरला नसता. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून येतो, म्हणजे कवडसांनी सांगितलेली सीमारेषा तो पुसून टाकतो. पापणीची जाडी, ओठाची कड, सगळं एका पातळीत. ज्यासाठी गेलो तेच हरवतं.

झुंबर

पटलं. रंगवलेल्या लाकडाचं डोक्यात आलं नव्हतं.

तिरपा_प्रकाश

बाजूने येणाऱ्या उजेडाची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो. फ्रेंच शिल्पकार रोदँने एका संध्याकाळी स्टुडिओत लेखक पॉल ग्सेलला व्हीनस दे मेदिचीची एक छोटी प्राचीन प्रतिकृती दाखवली. कशी, तर हातात दिवा घेऊन, तो मूर्तीच्या पोटाजवळून तिरपा फिरवत. दिवसा गुळगुळीत वाटणाऱ्या पृष्ठभागावर बारीक बारीक चढउतार उठून आले. त्याच्याही आधी, अठराव्या शतकाच्या अखेरीस, रोममध्ये व्हॅटिकनमधल्या मूर्ती रात्री मशालींच्या उजेडात बघायला जायची रीत होती. हलता, एकाच बाजूचा उजेड. शिल्पं बघण्याची याहून चांगली सोय मला तरी माहीत नाही.

आणि छायाचित्रकार एडवर्ड स्टायकनने १९०८ साली रोदँच्या बाल्झाकच्या (कादंबरीकार बाल्झाकच्या पुतळ्याच्या) प्लास्टरचे फोटो काढले ते चंद्रप्रकाशात, खूप लांब एक्सपोजर देऊन. अंधार कमी पडल्याची तक्रार त्याने केली नसावी!

दुर्बीण

त्याला तिपाईची परवानगी होती हो. आणि भोवती सहलीला आलेले दोन वर्ग नव्हते.

तिरपा_प्रकाश

मान्य. :)

पण छायाचित्रणाच्या सुरुवातीपासून शिल्पं लाडकी होती ती तुम्ही म्हणता त्याच कारणाने. छायाचित्रणाच्या आद्य संशोधकांपैकी टॅल्बटने १८४० च्या दशकात पॅट्रोक्लस या ग्रीक वीराच्या प्लास्टर बस्टचे कितीतरी फोटो काढले. पांढरा रंग, आणि मॉडेल हलत नाही. तेव्हाच्या मंद रसायनांना आणखी काय हवं? त्यानेच लिहून ठेवलंय की थेट ऊन टाळावं, सावल्या फार कडक पडतात, ढगाळ उजेड बरा. आणि बस्ट थोडा थोडा फिरवत गेलं की एकाच वस्तूची कितीतरी वेगवेगळी चित्रं मिळतात. मूर्ती फिरवण्याची मुभा आपल्याला नाही, बाकी सल्ला आजही जसाच्या तसा लागू आहे.

भोवरा

इथे मला वाद घालायचा आहे. कवडसा म्हणतात फेरी मारा, हवी ती जागा निवडा. कला-इतिहासकार हाइनरिश वोल्फलिनने १८९६ आणि १८९७ मध्ये शिल्पांचे फोटो कसे काढावेत यावर लेख लिहिले, आणि त्याचं म्हणणं बरोबर उलट होतं. जुन्या शिल्पाला कलाकाराने मनात धरलेली एक मुख्य बाजू असते. फोटोग्राफर "काहीतरी वेगळं" म्हणून कडेला सरकतो आणि बाह्यरेषा मोडते, हात धडात घुसतो, पाय आखूड होतो. आजही पाहा ना, निम्मे फोटो असेच असतात.

पॅरिसच्या लूव्रमधली पंखवाली विजयदेवता घ्या. 'दारू' नावाच्या जिन्याच्या माथ्यावरची. तिच्या शरीराची डावी बाजू तपशिलात कोरलेली आहे, उजवी बरीच साधी सोडली आहे. म्हणजे करणाऱ्याला तिच्या डाव्या बाजूने, तिरकं पाहिलेलं अपेक्षित होतं. उजवा पंख तर प्लास्टरचा, डाव्याची आरशातली प्रतिमा म्हणून बनवलेला. लोक जिन्याच्या मधोमध उभे राहून समोरून काढतात. तुम्ही तिच्या डाव्या बाजूला या, वस्त्र वाऱ्याने मागे कसं ओढलं जातंय ते तिथून दिसतं.

कवडसा

भोवरा, विजयदेवतेबद्दल शंभर टक्के सहमत. पण वोल्फलिनचा नियम सगळीकडे नाही चालणार. शिल्पकार जांबोलोन्याचं साबिन स्त्रीच्या अपहरणाचं शिल्प, १५८३ चं, फ्लोरेन्सच्या लोज्या या खुल्या मंडपातलं. तीन देह एकमेकांत पिळवटत वर जातात. त्याला मुख्य बाजूच नाही, ते भोवती फिरायलाच लावतं. तिथे एकच फोटो काढून परत येणं म्हणजे शिल्प न बघताच येणं.

आणि शाडूताईंना कानामागचा भाग हवा आहे. तो मुख्य बाजूने कसा मिळणार?

भोवरा

अभ्यासाचे फोटो आणि शिल्पाचं चित्र, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच माझं म्हणणं. आधी मुख्य बाजू शोधून तिथून एक नीट फोटो घ्यावा, मग कानामागे जावं. म्हणजे घरी आल्यावर तो कान कुठल्या डोक्याचा आणि डोकं कुठे बघत होतं हे कळतं.

शाडूमाती

भोवरा, हे फार उपयोगी आहे. तुकड्यांचे फोटो जमतात आणि नंतर ते कुठे जोडायचे तेच उमगत नाही, हे माझ्या वर्गातल्या सगळ्यांचंच होतं.

उंबरठा

गर्दीबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून, म्हणून मी लिहितो.

गर्दी सलग नसते, लाटांनी येते. गाइडसोबतचा घोळका येतो, थांबतो, ऐकतो, फोटो काढतो, पुढे सरकतो. दोन घोळक्यांमध्ये फट पडते. ती कधी अर्ध्या मिनिटाची असते, कधी दोन मिनिटांची. घोळका असताना फ्रेम ठरवायची, फोकस करायचा, एक्सपोजर मॅन्युअलवर पक्कं करायचं, आणि फट पडली की फक्त बटण दाबायचं. फट पडल्यावर सेटिंग करत बसलं की पुढचा घोळका हजर.

वेळ म्हणाल तर उघडल्यानंतरचा पहिला तास आणि बंद होण्याआधीचा शेवटचा. पहिल्या तासात सगळे प्रसिद्ध वस्तूकडे धावतात, तुम्ही शेवटच्या दालनापासून उलटं या. काही संग्रहालयं ठरावीक वारी रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी. रोमच्या बोर्गेझेसारख्या ठिकाणी दोन तासांच्या ठरलेल्या वेळेचंच तिकीट असतं, तिथे शेवटच्या पंधरा मिनिटांत बर्निनीच्या अपोलो आणि डॅफ्नीपाशी राहावं. बाकीचे तोवर बाहेरच्या दाराकडे निघालेले असतात. डॅफ्नीच्या बोटांतून फुटलेली पानं इतकी पातळ आहेत की मागून उजेड आला तर कडा उजळतात.

आणखी एक, पहारेकऱ्यांशी बोला. दिवसभर त्याच दालनात बसलेली असतात ही माणसं. "या मूर्तीवर सगळ्यात छान उजेड कधी पडतो?" असं विचारलं की चेहरा खुलतो. मला एका पहारेकरी बाईंनी सांगितलं होतं, दुपारी खिडकीवरचा पडदा अर्धा वर घेतात तेव्हा या, तेव्हा पाठ बघा. खरोखर पाठीचा कणा मानेपासून कमरेपर्यंत एका सलग सावलीत उमटला होता.

रातपाळी

गर्दी फोटोतून काढून टाकण्याची युक्तीही सांगून ठेवतो. एकाच जागेवरून, तीच सेटिंग ठेवून, थोड्या थोड्या वेळाने पंधरा-वीस फ्रेम घ्या. घरी त्या एकमेकींवर जुळवून मीडियन काढा. फोटोशॉपमध्ये स्क्रिप्टच्या यादीत सांख्यिकीचा पर्याय आहे. प्रत्येक बिंदूवर जे निम्म्याहून जास्त फ्रेममध्ये आहे तेच उरतं. मूर्ती उरते, माणसं जातात. सोबत दाणेही कमी होतात. एकाच जागी पाच मिनिटं फोन बघत उभा राहिलेला माणूस मात्र उरतो, त्याला उपाय नाही.

हातात धरून काढलेल्या फ्रेम सॉफ्टवेअर जुळवतं, पण जागा बदलू नका. एक पाऊल सरकलात तरी मूर्ती आणि मागची भिंत यांचं नातं बदलतं आणि कडा दुहेरी येतात.

निवांत_पाखरू

मला गर्दी काढून टाकणं नाही आवडत. साडेपाच मीटरच्या आसपासच्या शिल्पाखाली एक लहान मुलगी मान वर करून उभी असेल तर शिल्प केवढं आहे ते तिच्यामुळेच कळतं. रिकाम्या दालनातली मूर्ती आणि पेपरवेट यांत फोटोपुरता फरक उरत नाही.

छिन्नीहातोडा

@निवांत_पाखरू, मोठ्या शिल्पांसाठी अगदी खरं. फ्लोरेन्सच्या अकादेमियातल्या, मायकेलअँजेलोच्या दाविदच्या फोटोत माणसं असावीतच. ५.१७ मीटरचा आहे तो, चौथरा वेगळा.

त्याच्याबद्दल एक सांगायचं राहिलं, दृष्टिकोनाचं. लोक पायथ्याशी जाऊन रुंद लेन्सने काढतात. २४ मिमी उभी धरली तर साडेतीन मीटरवरून तो फ्रेममध्ये मावतो, पण तिथून मांड्या अजस्र आणि डोकं लिंबाएवढं. ८५ मिमी उभी धरा आणि साधारण १२ मीटर मागे या, कैद्यांची अपुरी शिल्पं आहेत त्या लांब दालनात. डोकं आणि उजवा हात मुळातच प्रमाणाहून मोठे कोरलेत, ते तिथून जाणवतं. वरच्या घुमटातून नैसर्गिक उजेड येतो, त्यामुळे ढग आले-गेले की छातीच्या सावल्या मऊ-कडक होत राहतात. थोडं थांबलं की फरक दिसतो.

शाडूमाती, तुमची झूम इथे कामाला येईल. छिद्र लहान असलं तरी मागे जाता येणं जास्त मोलाचं. आणि माणसाएवढ्या मूर्तीला कॅमेरा तिच्या मध्याच्या उंचीवर ठेवा, डोळ्यांच्या उंचीवर नको. चौथऱ्यावरची असेल तर हात वर करा आणि पडदा खाली वाकवून बघा.

फक्त_मोबाईल

माझ्याकडे कॅमेरा नाही, वयोमानाने जड काही नेववतही नाही. मोबाईलवर यातलं काही जमतं का?

रातपाळी

काका, बरंच जमतं. रात्रीचा मोड अनेक फ्रेम घेऊन एक करतो, आणि मूर्ती हलत नाही म्हणून तिच्यावर तो फार छान चालतो. आजूबाजूची माणसं भुतासारखी येतील, ती येऊ द्या. मूर्तीच्या उजळ भागावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस-एक्सपोजर कुलूपबंद होतं, मग बोट खाली ओढून उजेड कमी करा. गालावरची छटा परत येते.

पोर्ट्रेट मोड वापरू नका. कुरळे केस आणि बोटांमधल्या फटी त्याला कळत नाहीत, दगडाची बोटं खाऊन टाकतो. आणि कमी उजेडात दुप्पट-तिप्पट झूम केलं की पुष्कळ फोन ती लेन्स न वापरता मुख्य सेन्सरचाच तुकडा मोठा करून दाखवतात. शक्य असेल तर दोन पावलं पुढे जा.

फक्त_मोबाईल

आभार. बोट दाबून धरायचं माहीत नव्हतं. नातवाला दाखवतो.

झुंबर

माझ्या काही फोटोंत आडवे काळपट पट्टे येतात, आवाज नको म्हणून सायलेंट मोडवर काढलेल्यांत. सेन्सर बिघडलाय का?

कवडसा

सेन्सर ठीक आहे, दिवे लुकलुकतात. ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. सायलेंट मोडमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं, म्हणून काही ओळी उजळ, काही मंद. यांत्रिक शटर आणि १/१०० किंवा १/५० ठेवा. ६० हर्ट्झच्या देशात १/१२५ किंवा १/६०. सायलेंटच हवं असेल तर १/५० आणि त्याहून संथ, त्यात बहुतेक वेळा पट्टे जातात.

तिरपा_प्रकाश

रंगाचंही बोला कुणीतरी. वरच्या काचेतून निळसर दिवस आणि स्पॉटमधून पिवळा उजेड, एकाच नाकाची एक बाजू निळी आणि दुसरी केशरी. मी अशा वेळी सरळ कृष्णधवल करतो. घडण बघायची तर रंगाची गरज काय?

भोवरा

कृष्णधवलला माझा विरोध. संगमरवराला स्वतःचा रंग असतो. कुठे मधाळ, कुठे करडी शीर, कुठे लोखंडाचा गंज उतरलेला. मुख्य दिव्याप्रमाणे व्हाइट बॅलन्स ठेवा, दुसरा थोडा रंगीत राहिला तर राहू द्या. निळ्या-केशरीची सीमा सुद्धा वळण दाखवतेच की.

शाडूमाती

दोन्ही ठेवेन. मातीत काम करताना समोर कृष्णधवल बरं पडतं, एरवी रंगीत.

मधल्या काळात जाऊन आले, म्हणून वृत्तांत. आधी कॅमेरा न काढता फेरी, मग मुख्य बाजूचा एक, मग तपशील, असा क्रम ठेवला. एका रोमन पुरुषाच्या संगमरवरी डोक्यापाशी सकाळचा बहुतेक वेळ गेला. समोरून अगदी सपाट चेहरा, स्पॉट नेमका कपाळावर. डाव्या कानाच्या थोडं मागे गेल्यावर मात्र उजेडाची कड जबड्याच्या कोनावरून खाली मानेत उतरताना दिसली, आणि कानाच्या पाळीमागे तो खळगा असतो ना, त्यात छिन्नीचे बारीक समांतर ओरखडे! पुढचा चेहरा घासून गुळगुळीत केलेला, मागे कुणी बघणार नाही म्हणून हत्याराच्या खुणा तशाच. एफ ५.६, १/३०, आयएसओ ३२००, एक स्टॉप खाली. मोठं करून पाहिलं तर प्रत्येक ओरखडा मोजता येतो.

हनुवटीखालचा भाग सावलीत असूनही वाचता आला. खालची फरशी फिकट होती, तिचा परतलेला उजेड पुरेसा होता.

छिन्नीहातोडा

वा! त्या समांतर खुणा दातेरी छिन्नीच्या असणार. कुठल्या दिशेने हात चालला होता ते त्यावरून कळतं. तो फोटो जपून ठेवा.

कवडसा

फरशीचं निरीक्षण फार छान. गडद गालिचा असलेल्या दालनात तोच भाग काळा ठार येतो.

उंबरठा

काचेतल्या मूर्तींचं राहिलं. मोहेंजोदडोची नर्तकी जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची. अशा लहान वस्तू काचपेटीत असतात आणि काचेत आपलाच शर्ट दिसतो. गडद कपडे घाला, रबराचं मऊ हूड अलगद काचेला टेकवा, म्हणजे प्रतिबिंब संपतं आणि कॅमेऱ्याला आधारही मिळतो. हात लावू नका असं लिहिलं असेल तर टेकवू नका, तिथे मागच्या उजळ दिव्याकडे पाठ न करता बाजूला सरका. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्समधल्या पिएता शिल्पासारखी काच दूर आणि मोठी असेल तेव्हा उरतं तेवढंच, सरकत राहायचं.

फोटोला पूर्ण बंदी असेल तिथे वाद घालू नये. बर्लिनला नेफरतिती या इजिप्शियन राणीच्या शिल्पाच्या खोलीत कॅमेरा चालत नाही, पण त्या शिल्पाचा त्रिमित स्कॅन २०१९ पासून जालावर खुला आहे. शाडूताई, कानामागून, मानेखालून, हवा तसा फिरवून बघता येतो.

शाडूमाती

हे ठाऊक नव्हतं, आजच उतरवून घेते. एक शेवटची शंका: काळ्या, झिलई केलेल्या दगडाचं काय करायचं? इजिप्शियन दालनातल्या एका मूर्तीचे फोटो बघते आहे. स्पॉटचे चार पांढरे ठिपके आणि बाकी काळं पाणी. पोलरायझर फिल्टर लावला तर चमक जाईल ना?

कवडसा

दगडावरची चमक पोलरायझरने कमी होते, हो. दीड-दोन स्टॉप उजेडही जातो. पण काळ्या झिलईच्या मूर्तीत तुम्हाला दिसते ती बहुतांशी चमकच असते. ती काढली तर उरणार काय? तिथे उजेड-सावलीची सीमा शोधू नका, चमकेचा आकार बघा. खांद्यावरचा ठिपका लांबट असेल तर पृष्ठभाग त्या दिशेने कमी वळतो, गोल आणि लहान असेल तर भरभर वळतो. चुनारच्या दगडातल्या दीदारगंज यक्षीच्या झिलईवरही हेच दिसतं.

स्पॉटपेक्षा मोठा, पसरट उजेड शोधा: खिडकी, उजळ भिंत, दाराची चौकट. त्याचं प्रतिबिंब मूर्तीच्या अंगावर पडेल अशा जागी उभ्या राहा, म्हणजे ठिपक्यांच्या जागी लांब पट्टे येतात आणि ते बरगडीवरून, पोटावरून वळत जातात. कॅमेरा काळं बघून उजेड वाढवेल, म्हणून पाऊण-एक स्टॉप खाली. पोलरायझर बॅगेतच राहू द्या.

शाडूमाती

त्या दालनाच्या टोकाला उंच खिडकी आहे, मूर्तीच्या उजव्या हाताला. सकाळी उघडल्या उघडल्या जाते आणि आधी तिथून बघते.